बद्धकोष्ठ, रेचक आणि आहार

(मठाच्या वर्धापन महोत्सवातील व्याख्यानमालेत संस्कृत पाठशाळेतील एका शिष्याने दिलेले व्याख्यान)



या मंगल प्रसंगी मलोत्सर्गासारखा विषय निवडावा याचे काहींस आश्चर्य वाटेल, काहींस तो किंचित अप्रशस्तही वाटेल. परंतु आपल्या पूर्वाचार्यांस तसे वाटले नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातवा अध्याय आरंभ होतो तोच मुळी शरीराच्या स्वाभाविक वेगांच्या विचाराने. मल, मूत्र, शिंक, जांभई, भूक, तहान, निद्रा, अश्रू इत्यादी तेरा वेग तेथे सांगितले असून ते बळाने अडवू नयेत, अडविल्यास कोणते विकार होतात व त्यांवर काय करावे, याचे क्रमवार विवेचन आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील चौथा अध्याय रोग उत्पन्नच होऊ नयेत या हेतूने लिहिला, त्याचाही आरंभ याच विषयाने होतो.

चरकाच्या त्या अध्यायातील एका गोष्टीकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो. कोणते वेग अडवू नयेत हे सांगून आचार्य थांबत नाहीत. कोणते अडवावेत हेही ते लगेच सांगतात : लोभ, शोक, भय, क्रोध, अहंकार, मत्सर यांचे वेग, कठोर बोलण्याचा व असत्य भाषणाचा वेग. म्हणजे शरीराचे वेग मोकळे सोडावेत आणि मनाचे वेग आवरावेत, अशी ही व्यवस्था आहे. आपण आज बहुधा याच्या नेमके उलट वागतो. क्रोध आला की तो तत्काळ बाहेर पडतो. शौचाची भावना झाली की मात्र गाडी चुकेल, बैठक उठेल, हातातील काम राहील, असे म्हणून ती मागे लोटली जाते. आणि मग रात्री चूर्णाची बाटली शोधावी लागते.

प्रथम बद्धकोष्ठ कशास म्हणावे हे निश्चित करू, कारण रेचकांच्या सवयीचे मूळ पुष्कळदा रोगात नसून समजुतीत असते. रोज पहाटे एकदा पोट साफ झालेच पाहिजे, न झाल्यास आपण रोगी आहो, असे अनेकांस वाटते. आधुनिक वैद्यकाच्या मते दिवसातून तीन वेळांपासून आठवड्यातून तीन वेळांपर्यंत शौचास होणे हे निरोगी मनुष्याच्या बाबतीत स्वाभाविक मर्यादेत येते. मल मऊ असेल, कुंथावे लागत नसेल, पोट हलके वाटत असेल, तर एक दिवस चुकल्याने काही बिघडत नाही. याउलट रोज शौचास होऊनही मल खड्यांसारखा कठीण असेल, फार जोर करावा लागत असेल, काही आत राहिले असे वाटत असेल, तर ते बद्धकोष्ठच होय.

पोटात मल एक दिवस राहिला की त्याचे विष रक्तात भिनते, ही भीतीही अशीच जुनी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी ती युरोपात इतकी बळावली की लंडनचे प्रख्यात शस्त्रवैद्य सर विल्यम आर्बथनॉट लेन यांनी केवळ बद्धकोष्ठासाठी कित्येक रुग्णांची मोठी आतडी कापून काढली. पुढे ही उपपत्ती टिकली नाही व ती शस्त्रक्रियाही मागे पडली. परंतु तिच्यातून निघालेली भीती मात्र जाहिरातींच्या रूपाने अद्याप घरोघर फिरते आहे.

आता रेचकाची सवय जडते कशी ते पाहू. आपले मोठे आतडे दररोज पूर्ण रिकामे होत नसते. नेहमीच्या शौचात त्याचा शेवटचा भागच मोकळा होतो. तीव्र रेचक घेतले म्हणजे मात्र सगळे आतडे एकदम धुऊन निघते. ते पुन्हा भरून शौचाची भावना उत्पन्न होण्यास दोन-तीन दिवस लागणे स्वाभाविक आहे. पण मनुष्य दुसऱ्याच दिवशी वाट पाहू लागतो. काही होत नाही असे पाहून त्याची खात्री पटते की आपले बद्धकोष्ठ फारच जुनाट आहे. तो पुन्हा मात्रा घेतो, आतडे पुन्हा रिकामे होते, आणि पुन्हा तेच चक्र. ज्यास तो रोग समजतो तो त्या औषधाचाच परिणाम असतो.

या मंडळात येणारे एक वयोवृद्ध भक्त वीस वर्षे रोज रात्री बाजारातील चूर्ण घेत असत. यात्रेस निघताना वस्त्रे एखादे वेळी विसरतील, पण चूर्णाचा डबा विसरत नसत. आरंभी एक चमचा पुरे, पुढे दोन, पुढे तीन. एका उत्सवात पालखीबरोबर चालत असता त्यांच्या पायांतील बळ गेले व ते खाली बसले. रक्ततपासणीत पोटॅशियम फार उतरलेले आढळले. वारंवार पातळ जुलाब झाल्याने पाण्याबरोबर हा क्षार शरीराबाहेर जातो. तो उतरला की स्नायू दुबळे होतात, हृदयाची लय बिघडू शकते, आणि आतडे हाही स्नायूच असल्यामुळे त्याची गतीही मंदावते. म्हणजे ज्यासाठी औषध घेतले तोच विकार औषधाने वाढविला! वैद्यांच्या देखरेखीखाली त्यांची मात्रा हळूहळू उतरविण्यास चार महिने लागले. आता महिन्यातून एखादे वेळी त्यांस औषध लागते, रोज नाही.

त्या डब्यावर झाडपाल्याची चित्रे होती, म्हणून ते निर्धोक, अशी त्यांची समजूत होती. बाजारातील अनेक चूर्णांचे मुख्य बळ सोनामुखीत असते, हे आपण ध्यानात ठेवावे. अरब वैद्यांनी प्रचारात आणलेली ही वनस्पती तामिळनाडूतील तिरुनेलवेलीच्या बाजूस मोठ्या प्रमाणावर पिकते. तिच्यातील द्रव्यावर मोठ्या आतड्यातील सूक्ष्म जंतूंची क्रिया होऊन आतड्यास चेतविणारा पदार्थ तयार होतो, म्हणूनच रात्री घेतलेल्या मात्रेचा परिणाम सकाळी दिसतो. प्रसंगी घेण्यास हे चांगले औषध आहे. दीर्घकाळ घेतल्यास आतड्याच्या अस्तरावर काळपट रंग चढतो. तो औषध थांबविल्यावर काही महिन्यांत ओसरतो. एरंडेल, बिसाकोडिल ही द्रव्येही चेतविणाऱ्या वर्गातलीच. वनस्पती म्हणजे निरुपद्रवी हा न्याय खरा असता, तर जमालगोट्याच्या बीची कोणास भीती वाटली नसती.

तसेच कारखान्यात तयार झाले व पुष्कळांनी घेतले म्हणजे सुरक्षित, असेही नाही. फिनॉल्फ्थॅलिन हे रेचक विसाव्या शतकात गोळ्यांच्या व मिठाईसारख्या वड्यांच्या रूपाने जगभर खपले. प्राण्यांवरील प्रयोगांत त्यापासून अर्बुद होण्याची शंका आल्यावर अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेने 1999 साली ते बिनचिठ्ठीच्या रेचकांतून काढून टाकले.

येथे एक सावधगिरी सांगणे माझे कर्तव्य आहे. रेचकांनी आतड्यांच्या नसा कायमच्या मरतात असे पूर्वी छातीठोकपणे सांगत. ठरलेल्या मात्रेत घेतलेल्या औषधांनी तसे होते याचा भक्कम पुरावा आजच्या संशोधनात नाही. म्हणून जे वर्षानुवर्षे औषध घेत आले त्यांनी आपले आतडे निकामी झाले असे समजून हताश होऊ नये. त्याचप्रमाणे अंथरुणास खिळलेले रुग्ण, तीव्र वेदनाशामके घेणारे, कंपवाताचे रुग्ण यांस वैद्यांनी नित्य सारक दिले असेल, तर माझे हे व्याख्यान ऐकून ते बंद करू नये. माझा आक्षेप आहे तो स्वतःच्या मताने, रोज, वाढत्या मात्रेने घेतलेल्या औषधावर.

आयुर्वेदातही विरेचन हा नित्यक्रम नाही. ते पंचकर्मांपैकी एक कर्म असून त्याआधी स्नेहन व स्वेदन, त्यानंतर पेया, विलेपी अशा क्रमाने आहार वाढविणे, असा त्याचा विधी आहे. वैद्याने काळ, वय, बल पाहून करावयाची गोष्ट आपण दंतमंजनाप्रमाणे रोज करू लागलो, तर तो दोष शास्त्राचा नव्हे.

मग उपाय कोणता? पहिला उपाय पानातला आहे. अन्नातील जो भाग पचत नाही, ज्यास आपण चोथा म्हणतो, तो निरुपयोगी नसून पाणी धरून ठेवणारा व मलास मऊपणा आणि आकार देणारा घटक आहे. युगांडात अनेक वर्षे शस्त्रवैद्य म्हणून राहिलेले डेनिस बर्किट यांनी आपल्या दोन सहकाऱ्यांसह 1972 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. आफ्रिकेतील खेड्यांत कोंड्यासह धान्य व कंदमुळे खाणाऱ्या लोकांच्या पोटातून अन्न बाहेर पडण्यास सुमारे दीड दिवस लागे. इंग्लंडातील निवासी शाळेच्या विद्यार्थ्यांस मात्र सुमारे तीन दिवस लागत. बर्किट यांनी या चोथ्यास ज्या ज्या रोगांचे निवारक मानले ते सर्व पुढे सिद्ध झाले असे नाही. पण मलाच्या गतीसंबंधीचा त्यांचा मुख्य मुद्दा आज सर्वमान्य आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली प्रौढ मनुष्यास दिवसास निदान 25 ग्रॅम चोथा व 400 ग्रॅम फळे-भाज्या असाव्यात असे सांगितले. हे आपल्या स्वयंपाकघराच्या भाषेत मांडू. 100 ग्रॅम पांढऱ्या सडलेल्या तांदळात जेमतेम 3 ग्रॅम चोथा असतो, मैद्यातही तितकाच. तितक्याच वजनाच्या ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम, चाळून न टाकलेल्या गव्हाच्या पिठात, बाजरीत आणि नाचणीत सुमारे 11 ग्रॅम, अख्ख्या हरभऱ्यात तर सुमारे 25 ग्रॅम. एका मध्यम पेरूत 8 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे ज्वारीच्या दोन भाकरी, वाटीभर आळसांदे अथवा मोड आलेले मूग, दोन वेळच्या भाज्या आणि एक पेरू, एवढ्यात दिवसाचे काम भागते. याउलट दोन्ही वेळा पांढरा भात, वरण, पापड आणि दुपारी बिस्किटे, असा ज्याचा नेम आहे त्याच्या पानात त्याच्या निम्मेही पडत नाही.

आपल्या मठाचे भक्त गोव्यातून येतात, बेळगाव-खानापूरकडून येतात, कारवारातूनही येतात. या सर्वांच्या आज्यांनी केलेला स्वयंपाक आठवून पाहावा. उकड्या तांदळाची पेज, तांबडी भाजी, कुळथाचे सार, आळसांद्यांची उसळ, अनेक भाज्या एकत्र शिजवून केलेले खतखते, घाटावरची भाकरी व पालेभाजी, उन्हाळ्यात नाचणीची आंबील. यांतील एकही पदार्थ औषध म्हणून केला जात नव्हता. त्यांची जागा पांढऱ्या तांदळाने, पावाने व फरसाणाने घेतली, आणि मग रिकामी राहिलेली जागा चूर्णाने भरून काढावी लागली. महाप्रसादाच्या पंक्तीत गोडाबरोबर खतखते व उसळ भरपूर वाढावी, आणि ती पानात टाकून उठू नये, अशी माझी नम्र विनंती आहे.

उपवासाविषयीही बोलले पाहिजे. कित्येक भक्त एकादशीच्या दुसऱ्या दिवशी पोट बांधल्याची तक्रार करतात. साबुदाणा हे जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, त्यात चोथा नाहीच म्हटले तरी चालेल. त्यावर बटाटा, चहा, आणि पाणी थोडे. मग दुसरे काय होणार? उपवास मोडण्याची गरज नाही, पदार्थ बदलण्याची आहे. सालीसह उकडलेले रताळे, राजगिऱ्याची भाकरी, पिकलेली केळी, पेरू, पपई ही सर्व उपवासास चालतात. निर्जळी मात्र वृद्धांनी, गर्भवतींनी व मधुमेही मंडळींनी वैद्यांस विचारल्याविना करू नये.

चोथा वाढविताना दोन पथ्ये पाळावीत. एक, तो एकदम वाढवू नये. ज्यास सवय नाही त्याने पहिल्याच दिवशी वाटीभर हरभरे खाल्ल्यास पोट फुगेल व तो सगळ्या प्रयत्नासच कंटाळेल. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवावे. दुसरे, त्याबरोबर पाणी पुरेसे हवे. ज्यांस हृदयाच्या अथवा मूत्रपिंडाच्या विकारासाठी पाणी मोजून दिलेले आहे त्यांनी आपली मर्यादा ओलांडू नये. आहाराने न भागल्यास इसबगोलाची भुशी घ्यावी. ती आतड्यास चेतवीत नाही, पाणी धरून मल मऊ करते. ती पेलाभर पाण्याबरोबर लगेच प्यावी. कोरडी वा थोड्या पाण्यात घेतल्यास ती घशात अथवा अन्ननलिकेत फुगून अडकण्याचे भय असते.

जे दीर्घकाळ रेचक घेत आहेत त्यांनी आधी दोन-तीन आठवडे आहार सुधारावा व मग मात्रा उतरवावी. प्रथम निम्मी, नंतर एक दिवसाआड, नंतर दोन दिवसांआड. मध्यंतरी दोन दिवस शौचास झाले नाही तर घाबरून पुन्हा पूर्ण मात्रा घेऊ नये. ती वाट पाहण्याची वेळ हीच खरी कसोटीची वेळ होय.

दुसरा उपाय वेळेचा व आसनाचा. पोटात अन्न पडले की मोठे आतडे आपोआप हालचाल करू लागते, आणि ही हालचाल सकाळी विशेष जोरकस असते. म्हणून न्याहारीनंतर दहा मिनिटे निवांतपणे शौचास बसण्याची सवय लावावी. उकिडवे बसण्याची आपली पद्धत शरीररचनेस धरून आहे, कारण त्या स्थितीत गुदमार्गाचा बाक सरळ होतो. उंच आसनाचे शौचकूप ज्यांस वापरावे लागते त्यांनी पायांखाली लहानसे चौरंग ठेवावे. तेथे वर्तमानपत्र अथवा मोबाईल घेऊन अर्धा तास बसणे व कुंथणे हे मात्र मूळव्याधीस निमंत्रण आहे.

काही लक्षणे अशी आहेत की त्यांवर आहाराची मात्रा चालत नाही. मलावाटे रक्त जाणे, कारण नसता वजन उतरणे, पंडुरोग, उतारवयात शौचाची जुनी सवय अकस्मात बदलणे, पोट फुगून वांत्या होणे, यांपैकी काही दिसल्यास चूर्ण वा भुशी घेत दिवस घालवू नयेत. आतड्याच्या कर्करोगाची पहिली खूण पुष्कळदा अशीच असते, आणि तो लवकर सापडला तर बरा होऊ शकतो. लोहाच्या गोळ्या, रक्तदाबाची काही औषधे, खोकल्यावरील कोडीन, तसेच थायरॉइड ग्रंथीचे मांद्य यांमुळेही बद्धकोष्ठ होते. तेथे वैद्यांस विचारून मूळ कारणच पाहिले पाहिजे.

शेवटी, ज्या विषयासाठी मी आज मुख्यतः उभा आहे तो सांगतो. मी पाठशाळेत शिकलो व आता तेथेच शिकवितो. आठ-दहा वर्षांची मुले घर सोडून आपल्याकडे येतात. पहाटे उठणे, स्नान, संध्या, पाठ, असा त्यांचा क्रम घटिकेस बांधलेला असतो. शौचकूपे थोडी, रांग मोठी, आणि घंटा झाली की पाठास हजर राहिलेच पाहिजे. मूल वेग दाबते. मल आत राहिल्याने त्यातील पाणी शोषले जाते व तो कठीण होतो. मग शौचाच्या वेळी वेदना होते, वेदनेच्या भयाने मूल अधिकच आवरून धरते. काही मुलांच्या बाबतीत साचलेल्या कठीण मलाच्या बाजूने पातळ मल नकळत झिरपतो व वस्त्र खराब होते. हे त्या मुलाच्या हातात नसते. तरीही सोबती हसतात, मोठे त्यास आळशी व घाणेरडे म्हणतात, आणि मूल तोंड मिटून बसते. हा आजार आहे, अपराध नव्हे, आणि वैद्यांकडे नेल्यास तो बरा होतो.

म्हणून व्यवस्थापक मंडळासमोर मी तीन विनंत्या ठेवतो. पहिली, सकाळची पेज झाल्यावर पाठ आरंभ होण्यापूर्वी पाव घटका नव्हे, चांगला अर्धा तास मोकळा असावा, आणि महोत्सवनिमित्त जमलेल्या निधीतून शौचकूपांची संख्या वाढवावी. दुसरी, पाठ चालू असता बाहेर जाण्याची अनुज्ञा मागणाऱ्या मुलास कोणत्याही अध्यापकाने नकार देऊ नये. स्वर चुकला तर पुन्हा म्हणवून घेता येतो, दाबलेला वेग पुन्हा आणता येत नाही. तिसरी, मुलांच्या पानात पांढऱ्या भाताऐवजी उकडा तांदूळ, आठवड्यातून काही दिवस भाकरी, रोज एक उसळ व एक फळ असावे. पेरू आणि केळी आपल्याच भक्तांच्या बागांत पिकतात. ज्यांच्या बागेत अधिक आहेत त्यांनी एक टोपली पाठशाळेकडे धाडली, तर तीही श्रीचरणीच पोचली असे मी समजेन.

आपले ज्ञान ज्या मुखांत आपण ठेवू पाहतो, त्या मुलांच्या पोटाची चिंता वाहणे हे आपलेच काम आहे. हे शरीर साधनेचे पहिले उपकरण आहे असे आपण मानतो. उपकरण नीट ठेवावयाचे तर त्यास दडपून वा मारून चालत नाही, त्याची भाषा ऐकावी लागते. आपण ती ऐकावी, मुलांस ऐकू द्यावी, आणि क्रोध-लोभांचे वेग आवरण्यास आपले सारे बळ राखून ठेवावे, एवढीच श्रीचरणी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो. इत्यलम्.